बोलणारे यंत्र आणि माणसाचे माणूसपण

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी तप, त्याग, दान अशा विषयांवरील विचार ऐकावयास मिळावेत, ही श्रोत्यांची अपेक्षा स्वाभाविक आहे. अशा ठिकाणी ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हा विषय यावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु हा विषय आता परदेशातील प्रयोगशाळांपुरता राहिलेला नाही; तो ओरोसच्या सरकारी कचेऱ्यांपर्यंत येऊन पोहोचला आहे. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा निघालेला, २०११ च्या जनगणनेनुसार साडेआठ लाखांच्याही आत वस्ती असलेला हा सिंधुदुर्ग जिल्हा, प्रशासनात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर करणारा देशातील पहिला जिल्हा म्हणून २०२५ साली जाहीर झाला. पोलिसांच्या तपासकार्यास साहाय्य व्हावे म्हणून राज्य शासनाने २०२४ मध्ये नागपूर येथे स्थापन केलेल्या ‘मार्व्हल’ या कंपनीचे सहकार्य त्यासाठी घेण्यात आले आणि नीती आयोगाचे पथकही येथील काम पाहून गेले. आंबा, काजू, मासळी आणि दशावतार यांच्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याला हे नवे बिरुद लाभले. त्याचा अभिमान जरूर वाटावा. मात्र त्याबरोबर एक प्रश्नही दाराशी आला आहे. अर्ज वाचणारे, उत्तर लिहिणारे, सल्ला देणारे, चित्र काढणारे आणि गोड बोलणारे यंत्र जर घरोघरी असेल, तर माणूस म्हणजे नेमके काय?

या यंत्राची वंशावळ कापडाच्या धंद्यापर्यंत जाऊन भिडते, हे कापडाच्या पेढीवर बसणाऱ्यांनासुद्धा फारसे ठाऊक नसते. फ्रान्समधील लियाँ शहर रेशमी कापडासाठी प्रसिद्ध. तेथे जोसेफ मारी जॅकार्ड याने १८०४ च्या सुमारास एक माग सिद्ध केला. वेलबुट्टीच्या कापडात कोणता ताण्याचा धागा केव्हा उचलावयाचा, हे तोपर्यंत कारागिराच्या डोक्यात आणि त्याच्या पोरसवदा मदतनिसाच्या हातात असे. जॅकार्डने ते पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर भोके पाडून लिहून ठेवले. भोक असेल तेथे सुई आत जाते आणि धागा उचलला जातो. भोक नसेल तेथे धागा खालीच राहतो. पट्ट्या बदलल्या की बुट्टी बदलते. माग तोच, कारागीरही तोच. परंतु नक्षीचे ज्ञान माणसाच्या डोक्यातून निघून पुठ्ठ्यावर जाऊन बसले. जॅकार्डचे एक रेशमी विणकामातील चित्र सुमारे २४,००० पट्ट्या लावून विणण्यात आले होते. इंग्लंडमधील चार्ल्स बॅबेज या गणितज्ञाने ते मोठ्या हौसेने संग्रही ठेवले आणि आपल्या नियोजित गणकयंत्रासाठी हीच पट्ट्यांची युक्ती उचलली. पुढे अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत भोके पाडलेल्या पत्रिकांनी मोजणी झाली आणि तेथून ती वाट थेट संगणकापर्यंत गेली. आज ज्याला ‘होय’ आणि ‘नाही’ची, एक आणि शून्याची भाषा म्हणतात, ती मुळात धागा उचलावा की न उचलावा, एवढ्याच प्रश्नाची भाषा होती.

मागाने विणकराचे काय केले, हा इतिहासही लांबचा नाही. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसविला. त्या गावचे कापड पुढे घाट उतरून कोकणच्या बाजारपेठांत आले. हातमागाचे पुष्कळसे काम गेले, यंत्रमागाचे नवे काम आले. तेव्हा कोणी असे म्हटले नाही की, यंत्र विणू लागले म्हणून माणसाचे माणूसपण कमी झाले. हाताचे कसब यंत्राकडे गेले तरी डोके आपलेच, असा भरवसा होता.

तो भरवसाही टप्प्याटप्प्याने ढळत गेला आहे. जुन्या पिढीतील मुनीम पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकी तोंडपाठ म्हणत. पावणेतीन वार कापड, वाराचा भाव सव्वासात रुपये, असा हिशेब गिऱ्हाईक पिशवी उघडेपर्यंत तोंडी होई. असा माणूस गावात ‘हुशार’ गणला जाई. शकुंतला देवींनी १८ जून १९८० रोजी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात तेरा आकड्यांच्या दोन संख्यांचा गुणाकार २८ सेकंदांत तोंडी केला, तेव्हा जग थक्क झाले. आज तेच काम संगणक डोळ्याचे पाते लवते न लवते तोच करते आणि कोणी त्याला हुशार म्हणत नाही. हिशेब गेला, तेव्हा लोक म्हणाले, बुद्धी म्हणजे हिशेब नव्हे, बुद्धिबळ पाहा. मे १९९७ मध्ये ‘डीप ब्लू’ संगणकाने जगज्जेत्या कास्पारोव्हला हरविले. मग म्हणाले, ‘गो’ नावाचा पूर्वेकडील खेळ पाहा, त्यात अंतःप्रेरणा लागते. मार्च २०१६ मध्ये कोरियाचा ली सेडोल पाच डावांपैकी चार डाव यंत्राकडून हरला आणि २०१९ मध्ये त्याने व्यावसायिक खेळातून निवृत्ती घेतली. शेवटी उरली भाषा. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी ‘चॅटजीपीटी’ लोकांसाठी खुले झाले आणि शेवटचे कुंपणही ओलांडले गेले. दरवेळी कुंपण थोडे मागे सरकवावयाचे आणि ‘यापलीकडचे ते माणसाचे’ असे म्हणावयाचे, या पद्धतीत मूळ दोष आहे. माणसाची ओळख त्याच्या करामतीवरून ठरवावयाची ठरली, की करामत हिरावून घेणारा कोणीतरी कधीतरी भेटणारच.

भाषेवरून माणूस ओळखण्याची ही कसोटी पश्चिमेत जुनी आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने १६३७ साली लिहिले की, यंत्र कितीही हुबेहूब केले तरी ते माणसासारखे प्रसंगानुरूप बोलू शकणार नाही. या म्हणण्याला दुसरी एक बाजू होती. पशूही बोलत नाहीत; म्हणून पशू ही एक प्रकारची यंत्रेच होत, असा त्याचा निष्कर्ष होता. १९५० साली ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने हीच कसोटी उलटी करून मांडली. पडद्यामागील यंत्राशी लेखी संभाषण करताना समोर माणूस आहे की यंत्र, हे ओळखता आले नाही, तर त्या यंत्राला विचार करता येतो असे मानावयास काय हरकत आहे, असा त्याचा प्रश्न होता. देकार्त आणि ट्युरिंग यांची मते भिन्न. तराजू मात्र एकच, आणि तो बोलण्याचा.

येथे जैन विचाराची मांडणी मुळातच निराळी आहे आणि या विषयाच्या संदर्भात ती नव्याने लक्षात घेण्याजोगी आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात जीवाचे लक्षण उपयोग, म्हणजे जाणण्याची आणि पाहण्याची चेतनाक्रिया, असे सांगितले आहे. भाषा हे जीवाचे लक्षण म्हणून सांगितलेले नाही. उलट शब्द हा पुद्गलाचाच एक पर्याय मानला आहे. नैयायिकांनी शब्दाला आकाशाचा गुण मानले. जैनाचार्यांनी ते नाकारून शब्द हा जड द्रव्याचाच परिणाम असल्याचे प्रतिपादन केले. एवढेच नव्हे, तर वाणीप्रमाणे द्रव्यमनही पौद्गलिकच मानले आहे. तेव्हा जडापासून बनलेले एखादे यंत्र शब्द जुळवू लागले, तर या विचारपरंपरेत वाढलेल्या माणसाने हादरून जावे असे त्यात काही नाही. पृथ्वीकायिक, अप्कायिक, वनस्पतिकायिक असे एकेंद्रिय जीव एक अक्षरही बोलत नाहीत, तरी ते जीव आहेत. यंत्र चोवीस तास बोलते, तरी ते अजीव आहे. बोलणे आणि जिवंत असणे या दोन गोष्टींची गाठ तेथे बांधलेलीच नव्हती, म्हणून ती सुटण्याची भीतीही नाही.

इंद्रियांच्या बाबतीतही असेच सूक्ष्म विवेचन आहे. कॅमेरा हा यंत्राचा डोळा आणि मायक्रोफोन हा यंत्राचा कान, असे सहज बोलले जाते. शास्त्राने प्रत्येक इंद्रियाचे द्रव्येंद्रिय आणि भावेंद्रिय असे दोन भेद केले आहेत. डोळ्याचा आकार, बाहुली, पापणी हे सारे द्रव्येंद्रियात येते. जाणण्याची क्षमता आणि प्रत्यक्ष जाणणे, म्हणजे लब्धी आणि उपयोग, हे भावेंद्रिय होय. यंत्राकडे द्रव्येंद्रियासारखी साधने भरपूर आहेत. भावेंद्रियाचा मागमूस मात्र कोणाला दाखविता आलेला नाही.

श्रुतज्ञानाच्या विवेचनातील द्रव्यश्रुत आणि भावश्रुत हा भेद तर या यंत्रासाठीच करून ठेवला होता की काय, असे वाटावे इतका चपखल बसतो. लिहिलेली अक्षरे, ग्रंथ, उच्चारलेले शब्द हे द्रव्यश्रुत. त्यातून आत्म्यात उमटणारा बोध हे भावश्रुत. आजचे भाषायंत्र कसे चालते? कोट्यवधी पानांचा मजकूर त्याला पाजलेला असतो. त्यावरून कोणत्या शब्दानंतर कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याची मोजदाद ते अतिशय बारकाईने करते आणि एकेक तुकडा पुढे ठेवत जाते. वर्षानुवर्षे एकाच पेढीची कीर्द लिहिणाऱ्या मुनिमाला दिवाळीच्या आदल्या आठवड्यात पुढची नोंद कोणती येईल, हे न विचारता सांगता येई. तसाच काहीसा हा प्रकार. फरक असा की, त्या मुनिमाला ती नोंद कोणाच्या घरच्या लग्नाच्या बस्त्याची आहे, तेही माहीत असे. यंत्र म्हणजे अफाट द्रव्यश्रुत आहे. जगातील कोणत्याही ग्रंथभांडारापेक्षा मोठे, आणि विचारताच पान उघडून देणारे.

येथे थोडे थांबावयास हवे. यंत्र अजीव आहे, हे विधान ठामपणे करून विषय मिटविणे सोपे आहे. परंतु अनेकान्ताच्या परंपरेला ते शोभणारे नाही. या क्षेत्राचे जनक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते आणि ज्यांना २०२४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, त्या जेफ्री हिंटन यांनी अशा यंत्रांना कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा अनुभव असू शकतो, असे मत जाहीरपणे मांडले आहे. पुष्कळ शास्त्रज्ञांना ते मान्य नाही. दुसऱ्याच्या अंतरंगातील अनुभव बाहेरून मोजण्याचे साधन कोणाजवळच नाही, हीच खरी अडचण. अशा अनिश्चित प्रश्नाला ‘स्यात्’ लावून बोलावे, हे या परंपरेने शिकविले आणि विज्ञानातील थोरांनी त्याची दखल घेतली. भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५४ मध्ये स्याद्वादाचा आणि संख्याशास्त्राच्या पायाचा संबंध दाखविणारा लेख लिहिला. जे. बी. एस. हॉल्डेन हे इंग्रज जीवशास्त्रज्ञ याच संस्थेत काम करण्यासाठी भारतात आले. त्यांनीही १९५७ मध्ये ‘संख्या’ या नियतकालिकात स्याद्वादावर लिहिले. आजची भाषायंत्रे ज्या संभाव्यतेच्या गणितावर उभी आहेत, त्या गणिताच्या एका थोर भारतीय आचार्याला सप्तभंगीत आपल्या शास्त्राची पूर्वछाया दिसली, ही गोष्ट धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना अवश्य सांगावी. मात्र यंत्र शक्यता मोजते आणि उत्तर खात्रीच्या सुरात देते. ‘स्यात्’ त्याच्या पोटात असतो, ओठावर क्वचितच येतो.

हा दोष केवळ तात्त्विक नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकर निर्धारणाचा एक आदेश रद्दबातल केला. त्या आदेशात आधारासाठी जे न्यायनिवाडे दिले होते, ते अस्तित्वातच नव्हते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या काळात यंत्राने पुढे केलेल्या निकालांवर आंधळा विश्वास ठेवू नये, ते पडताळून मगच वापरावेत, असे न्यायालयाने बजावले. आयकराची ही आधुनिक पद्धत ‘फेसलेस’, म्हणजे चेहरा नसलेली, म्हणून ओळखली जाते. कर भरणारा आणि कर ठरविणारा यांनी एकमेकांचे तोंड पाहू नये, म्हणजे लाचलुचपतीला वाव राहणार नाही, हा त्यामागील हेतू चांगलाच आहे. परंतु चेहरा गेला की त्याच्याबरोबर लाजही जाते, हा अनुभव बाजारपेठेला जुना आहे. खोटा दाखला समोरासमोर देताना माणसाची जीभ अडखळते. यंत्राची अडखळत नाही, कारण खरे आणि खोटे यांतील भेदाने त्याचे काही बिघडत नाही.

आणि हाच या साऱ्या विषयाचा कणा आहे. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये उभारलेला छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, त्याचे दुःख या किनाऱ्यावरील प्रत्येकाने अनुभवले. त्या दिवसांत वाऱ्याच्या वेगाची चर्चा झाली, खाऱ्या हवेची झाली, गंजलेल्या नट-बोल्टांचीही झाली. तरीही कोणाचे समाधान झाले नाही. गुन्हा दाखल झाला तो माणसांवर. वारा, मीठ आणि लोखंड यांना जाब विचारता येत नाही. उद्या एखाद्या विधवेचे निवृत्तिवेतन यंत्राच्या छाननीत अडकले, एखाद्या मच्छीमाराचे नाव लाभार्थींच्या यादीतून गळले, एखाद्या निरपराध्यावर संशयाची खूण पडली, तर खिडकीमागचा कर्मचारी म्हणेल, ‘सिस्टीम घेत नाही’. हे वाक्य आजही ऐकू येते. त्या वाक्यात आणि ‘वारा जोरात होता’ या वाक्यात फरक कोणता?

जैन कर्मविचाराने पळवाटेची ही जागा पूर्वीच बुजवून ठेवली आहे. कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करविलेले आणि दुसऱ्याने केलेल्याला संमती दिलेले, अशा तिन्ही प्रकारे कर्मबंध होतो. मन, वचन आणि काया या तिन्ही द्वारांनी होतो. ज्याने यंत्र लावले त्याला कारित, ज्याने त्याच्या निकालावर न वाचता सही केली त्याला अनुमोदित. यंत्राला बंध नाही आणि निर्जराही नाही. त्याच्या वाट्याचा दोष म्हणून जो काही निघेल, तो कोणत्या ना कोणत्या माणसाच्याच खात्यावर पडणार. खतावणीत नावाशिवाय रक्कम टाकता येत नाही, तसेच हे. जिल्हा प्रशासनाने यंत्र वापरावे. कागद लवकर हलत असतील, रुग्णाला वेळेवर औषध मिळत असेल, तर ते पुण्याचेच काम आहे. फक्त प्रत्येक निर्णयाखाली एका माणसाचे नाव आणि त्याच्याकडे जाऊन दाद मागण्याची वाट असावी. लोकांनी आग्रह धरावा तो याच गोष्टीचा. पहिला जिल्हा होण्याच्या मानाला खरी शोभा त्यानेच येईल.

करामतीवरून माणूस ओळखण्याच्या पद्धतीत आणखी एक धोका दडलेला आहे आणि तो यंत्रापेक्षा माणसांनाच अधिक आहे. हुशारी हीच कसोटी मानली, तर विस्मरण झालेला वृद्ध, मतिमंद बालक, मुका माणूस यांचे मोल काय ठरेल? कालपर्यंत ‘यंत्र माणसासारखे आहे का’ असे विचारणारे जग उद्या ‘हा माणूस यंत्राइतका तरी उपयोगी आहे का’ असे विचारू लागेल. तशी कुजबुज नोकरकपातीच्या बातम्यांतून ऐकू येऊ लागली आहे. १८३४ साली मुंबईत पांजरापोळ निघाली, तेव्हा भाकड गाईला किंवा लंगड्या बैलाला कोणी दिडकी म्हणावयास लावली नव्हती. त्याला दुखते, एवढे पुरेसे होते. दुखणे हीच जर ओळख मानली, तर यंत्र कितीही शहाणे झाले तरी त्या रांगेत उभे राहत नाही, आणि माणूस कितीही दुबळा झाला तरी रांगेतून बाहेर पडत नाही.

यंत्राचे द्रव्यश्रुत अफाट असले तरी त्यात मोठमोठी छिद्रे आहेत. छापले गेले तेवढेच त्याला ठाऊक. मालवणी बोलीचे वैभव ‘वस्त्रहरण’ने मुंबईपासून लंडनपर्यंत नेले, तरीही ती मुख्यतः बोलली जाणारी भाषा आहे, लिहिली जाणारी नव्हे. यंत्राला मालवणीत बोलावयास सांगितले, तर ते शहरी मराठीला चार हेल लावून वेळ मारून नेते. रापण लावणारा जुना मच्छीमार पाण्याच्या रंगावरून, पक्ष्यांच्या घिरट्यांवरून आणि लाटेच्या तालावरून मासळीचा थवा ओळखतो. हे ज्ञान कोणत्या पुस्तकात आहे? हैदराबादची ‘इन्कॉईस’ ही सरकारी संस्था उपग्रहाने मोजलेल्या पाण्याच्या तापमानावरून आणि हरितद्रव्यावरून मासळीची संभाव्य ठिकाणे मच्छीमारांना कळविते. ती सेवा निःसंशय मोलाची आहे. जानेवारी २०२५ पासून बेकायदा मासेमारीवर ड्रोनने नजर ठेवण्याचे काम राज्याच्या किनाऱ्यावर सुरू झाले, त्यात देवगडचाही समावेश आहे. परंतु वरून पाहणारा डोळा आणि वाळूवर अनवाणी उभा असलेला माणूस यांना दिसणारा समुद्र एकच नसतो. मासेमारीच्या उदाहरणाने अहिंसाव्रती श्रोत्यांना संकोच वाटू नये. येथे मुद्दा ज्ञानाचा आहे.

दशावताराची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. त्याला लिखित संहिता नसते. संध्याकाळी कोणते आख्यान लावावयाचे ते ठरते, कोणी कोणते सोंग घ्यावयाचे ते ठरते आणि पुढचे संवाद रंगमंचावरच जन्माला येतात. समोरच्या नटाने अनपेक्षित सवाल टाकला, तर त्याच क्षणी जबाब द्यावा लागतो. वरवर पाहता भाषायंत्रही असेच करते. संहितेशिवाय पुढचा शब्द शोधते. मग फरक कोठे? राजाचे सोंग घेतलेला नट पहाटे मुकुट उतरवितो, चेहऱ्यावरचा रंग पुसतो आणि पुढच्या गावी जातो. सोंग उतरल्यावर मागे कोणीतरी उरतो. यंत्राने दयाळू वैद्याचे सोंग घेतले, विद्वान पंडिताचे घेतले, जिवलग मित्राचे घेतले, तरी ते उतरविल्यावर मागे कोण उरते, हे सांगता येत नाही.

जिवलग मित्राचे सोंग, हा शब्दप्रयोग उगाच केलेला नाही. या जिल्ह्यातील कितीतरी घरांत आज फक्त म्हातारी माणसे राहतात. मुले मुंबईत, पुण्यात, आखातात. चाकरमानी गणपतीला येतात, आठ-दहा दिवस घर भरते आणि पुन्हा पडवीत दोनच खुर्च्या उरतात. अशा घरातील आजोबा फोनमधील यंत्राशी बोलू लागले, तर त्यांना हसणे सोपे आहे. ते यंत्र कंटाळत नाही, तीच गोष्ट सातव्यांदा सांगितली तरी ‘ऐकली आहे’ असे म्हणत नाही, औषधाची वेळ विसरत नाही. सून आणि मुलगा यांच्या तुलनेत ते उजवे ठरले, तर दोष यंत्राचा कसा म्हणावा? जोसेफ वायझेनबॉम या संगणकतज्ज्ञाने १९६६ साली ‘एलायझा’ नावाचा एक संभाषण करणारा प्रोग्रॅम लिहिला. बर्नार्ड शॉच्या नाटकातील नायिकेचे हे नाव. तीच पुलंच्या ‘ती फुलराणी’त मंजुळा होऊन मराठी रंगभूमीवर आली. हा प्रोग्रॅम समोरच्याचेच वाक्य फिरवून त्याला प्रश्न विचारी, यापलीकडे त्यात काही नव्हते. वायझेनबॉमची सचिव हे सारे जाणत होती. तरीही थोडा वेळ त्याच्याशी बोलल्यावर तिने आपल्या साहेबांना खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. तिला खासगी बोलावयाचे होते! तो अनुभव वायझेनबॉमच्या मनाला इतका लागला की, पुढील आयुष्यात तो या क्षेत्राचा कठोर टीकाकार बनला. यंत्रात किती माणूस आहे, यापेक्षा माणसाला ऐकून घेणारा कान किती दुर्मीळ झाला आहे, हेच त्या घटनेतून दिसले. संस्थेच्या तरुण मंडळाने आठवड्यातून एक संध्याकाळ अशा पडव्यांमध्ये बसण्यासाठी ठेवली, तर सुवर्णमहोत्सवी वर्षातील तो सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कठीण उपक्रम ठरेल.

आवाजाचेही तेच. आशा भोसले यांच्या आवाजाची यंत्राने केलेली नक्कल थांबविण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये अंतरिम संरक्षण दिले. सामान्य माणसाच्या आवाजाला असे संरक्षण मागावयास कोण जाणार? नातवाच्या आवाजात पैसे मागणारा फोन आता कोणालाही येऊ शकतो. व्यापाऱ्यांच्या जुन्या पिढीत तोंडी शब्दावर हजारोंचे व्यवहार होत, कारण शब्दामागे माणूस उभा असे. शब्द आणि माणूस यांची ही फारकत बाजारपेठेला बुद्धिबळातील पराभवापेक्षा फार महाग पडणार आहे.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो या सभागृहातील प्रत्येकाच्या जवळचा आहे. संवत्सरीला आणि क्षमावाणीला क्षमायाचना करण्याची रीत पूर्वी पायांनी पार पडे. माणूस उठून घरी जाई. मग पोस्टकार्डे आली, छापील पत्रे आली, नंतर मोबाइलवरचे संदेश आले. एकच सुंदर संदेश दोनशे जणांना एका बोटाने जातो आणि ज्याच्याशी खरोखर वैर आहे, त्याचे नाव त्या दोनशेत बहुधा नसते. आता यंत्र आले आहे. वाटणीवरून दोन भावांची पेढी वेगळी झाली, अकरा वर्षे बोलणे नाही, असे समजू या. थोरल्याने यंत्राला सांगितले की, धाकट्याला क्षमेचे पत्र लिहून दे. यंत्र लगेच लिहील, आणि पत्र फार सुरेख असेल; भाषा शुद्ध, भाव ओथंबलेला. पण लिहिण्यापूर्वी ते बहुधा एक साधा प्रश्न विचारील, की तुमच्या दोघांत नेमके काय घडले होते? त्या प्रश्नाचे उत्तर त्याने वाचलेल्या कोट्यवधी पानांत कोठेही नाही. ते थोरल्यालाच द्यावे लागेल. वाटणीच्या दिवशी कोणता ताळेबंद दडविला, आईसमक्ष कोणता शब्द उच्चारला, धाकट्याच्या मुलीच्या लग्नाला गावात असूनही का गेलो नाही, हे सारे त्याला त्या उजळलेल्या पडद्यासमोर बसून स्वतःच्या हाताने लिहावे लागेल. तेवढे लिहून झाल्यावर पुढचे पत्र यंत्राकडून लिहवून घ्यावयाचे, की चपला घालून धाकट्याच्या दाराशी जावयाचे, हे त्याचे त्याने ठरवावे.

जय जिनेंद्र.